दृष्टिहीन वादकाला स्वतःच्या हातानं नोटेशन लिहायचंय, कोणतं सॉफ्टवेअर वापरावं?

काळी_पाच (धागाकर्ता)

जय गुरु मंडळी.

मी दर्यापूर तालुक्यातला. जन्मापासून दृष्टी नाही. पेटी आणि कीबोर्ड वाजवतो. लग्नसराईत आमच्या भागातल्या एका बँड पार्टीला गाणी बसवून देतो, एरवी काही मुलं घरी पेटी शिकायला येतात. प्रश्न जरा लांब आहे, पण सगळं नीट सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही म्हणून लिहितो.

बँडमध्ये दोन ट्रम्पेट, एक क्लॅरिनेट, एक अल्टो सॅक्सोफोन, युफोनियम आणि मागं ढोल-ताशे. बहुतेक पोरं कानानं उचलतात. क्लॅरिनेटवाले काका मात्र पोलीस बँडमधून निवृत्त झालेले. त्यांना पाच रेघांचं स्टाफ नोटेशन येतं आणि आता ते पोरांनाही वाचायला शिकवून राहिले. आजवर मी पेटीवर वाजवायचो आणि काका कागदावर उतरवायचे. गाणं बसायचं छान. पण एकदा कागदावर गेलं की ते माझं राहत नव्हतं. दुसऱ्या ट्रम्पेटला मी अंतऱ्यात काय दिलं होतं, हे पुढच्या हंगामात मला हवं असेल तर काकांना विचारा, काका बाहेरगावी असतील तर थांबा. बंदिश मी बांधायची आणि तिचा कागद मलाच वाचता येऊ नये, हे मला खटकतं.

दुसरी गरज एका विद्यार्थिनीची. तीही दृष्टिहीन आहे आणि तिला गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्यायच्या आहेत. तिथं भातखंडे आणि पलुस्कर या दोन्ही स्वरलिपी अभ्यासाला असतात. तिला त्या कशा वाचायला द्यायच्या, आणि तिनं कशा लिहायच्या?

माझ्याकडं जुना लॅपटॉप आहे, चार जीबी रॅम, विंडोज १०, त्यावर एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून बोलणारा स्क्रीन रीडर. इंटरनेट मोबाईलचं. उन्हाळ्यात लाईटचा भरवसा नाही. पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर परवडणार नाही. ज्यांनी स्वतः वापरलं आहे त्यांनी सांगावं.

शलाका

दादा, मी वर्ध्याकडची, मीही पूर्ण दृष्टिहीन. व्हायोलिन वाजवते आणि नोकरीतून वेळ मिळेल तसं लिहिते. तुमच्या पहिल्या गरजेला सरळ उत्तर आहे: म्युझस्कोर. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, आणि २०१५ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून एनव्हीडीएसोबत बोलतं.

काम असं चालतं. कंट्रोल एन दाबून नवा स्कोअर, त्यात वाद्यं निवडायची. मग एन दाबला की स्वर लिहिण्याचा मोड. आधी आकडा दाबून स्वराची लांबी ठरवायची: ५ म्हणजे क्वार्टर, ४ म्हणजे त्याच्या अर्धा (एट्थ), ६ म्हणजे दुप्पट (हाफ), ७ म्हणजे चौपट (होल). मग ए ते जी या अक्षरांपैकी हवं ते. शून्य दाबलं की विश्रांती. वरच्या बाणानं स्वर अर्ध्या सुरानं चढतो, खालच्यानं उतरतो, कंट्रोल धरून बाण दाबला की सप्तक बदलतं. स्पेसबारनं वाजतं. प्रत्येक स्वरावर एनव्हीडीए सांगतं: कोणता स्वर, कितव्या सप्तकातला, किती लांब, कितवा बार (म्हणजे ठोक्यांचा एक गट), कितवा ठोका. म्हणजे कागदावर जे आहे ते कानात येतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा. मजकूर वाचताना आपल्याला वर-खाली बाणांनी ओळी फिरायची सवय असते. इथं वर-खाली बाण स्वरच बदलतो. फिरायचं ते डाव्या-उजव्या बाणांनी, एका बारवरून दुसऱ्यावर कंट्रोल धरून. एकाच वेळी वाजणारे वरखालचे स्वर ऐकायचे तर ऑल्ट धरून वर-खाली. आणि एनव्हीडीएचा आवाज या कामापुरता इंग्रजी ठेवा. मराठी आवाजात ते इंग्रजी शब्द कळत नाहीत.

अजून एक सांगते, कारण मला ते फार जवळचं वाटतं. एनव्हीडीए २००६ मध्ये मायकल करन यांनी सुरू केलं आणि पुढं जेम्स तेह त्यांना येऊन मिळाले. दोघंही दृष्टिहीन, दोघं ऑस्ट्रेलियाचे, आणि त्यांची पहिली भेट लहानपणी दृष्टिहीन मुलांच्या संगीत शिबिरात झाली. आपण रोज जे ऐकतो त्याच्या मुळाशी संगीतच आहे.

काळी_पाच

ताई, मनापासून आभार. अक्षरं ए ते जी म्हणजे विदेशी स्वर झाले. माझ्या डोक्यात सगळं सारेगममध्ये चालतं. सा कुठं धरायचा?

शलाका

लिहिताना सा म्हणजे सी धरा, म्हणजे पांढरी एक. मग रे डी, ग ई, म एफ, प जी, ध ए, नि बी. कोमल ग म्हणजे ई फ्लॅट, तीव्र म म्हणजे एफ शार्प. संपूर्ण गाणं असं लिहून झालं की सगळं निवडून ट्रान्स्पोज करायचं आणि हव्या पट्टीत न्यायचं. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प, त्यालाच बी फ्लॅट म्हणतात.

तुमचं नाव काळी_पाच आहे म्हणून सांगते, बँडसाठी ती पट्टी फार सोयीची. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट ही बी फ्लॅटची वाद्यं. त्यांच्या कागदावर सी लिहिलेला असतो तेव्हा प्रत्यक्षात बी फ्लॅट वाजतो. म्हणजे तुमचा सा काळी पाचवर असेल तर पोरांच्या कागदावर तो साधा सी येतो, शार्प-फ्लॅटची गर्दी कमी. अल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा, त्याच्या कागदावर तोच सा जी म्हणून येईल. हे सगळं गणित म्युझस्कोर स्वतः करतं. लिहिताना कॉन्सर्ट पिच चालू ठेवा, म्हणजे तुम्हाला खरा वाजणारा सूर ऐकू येईल. प्रत्येकाचा वेगळा कागद काढताना ते बंद करा.

झाडीचा_ऑर्गन

भाऊ, मी वडश्याकडचा. झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन वाजवतो. मले बी दिसत नाही. दिवाळी झाली का हंगाम सुरू, रोज नवं गाव, रात्रभर नाटक. आमच्याकडं लिहिलेलं कोणी पाहत नाही, नाट्यपद कानात असते आणि गाणारा त्या दिवशी म्हणते का आज गळा बसला, अर्धा सूर खाली घ्या. तर खाली घ्यायचं.

म्हणून मी लिहिण्यापेक्षा रेकॉर्डिंगकडं गेलो. रीपर नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्याच्यासंगं ओसारा नावाचं जोडपत्र लावलं का सगळं बोलते. ट्रॅक कोणता, आवाज किती, कुठं कापलं, सारं कळते. वरती ताईनं ज्या जेम्स तेहचं नाव घेतलं, ओसारा त्यांनीच सुरू केलं. मी प्रत्येक नाटकाची पदं एकेका फाइलीत वाजवून ठेवतो. नवा तबलजी आला का त्याले ऐकवतो. पण ताई म्हणते तसं दुसऱ्याच्या हातात कागद द्यायचा असेल तर रेकॉर्डिंगनं काम होत नाही, हे मले मान्य आहे. यंदा एक क्लॅरिनेटवाला मंडळीत आला, तो म्हणे कागद दे. मी हा धागा पाहून राहिलो.

वारकरी_मृदंग

सगळ्यांना रामकृष्णहरी. मी पखवाज वाजवतो, वयानं बराच मोठा आहे. कुणाला नाउमेद करायचं नाही, पण मनात आलं ते विचारतो. आपली विद्या गुरुमुखी. कागदावर आंदोलन येत नाही, मींड येत नाही. आणि दृष्टिहीन गायक-वादकांची स्मरणशक्ती तर आपल्याकडं वाखाणलेली. जे तुमच्या कंठात आणि बोटांत आहे ते यंत्रात भरायची धडपड कशासाठी? पाच रेघा शिकण्यात जाणारा वेळ रियाजाला दिला तर?

काळी_पाच

बाबा, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि मी तो स्वतःला अनेकदा विचारला आहे. रियाज कमी करून कुणी लिहीत बसावं असं मी म्हणणार नाही. मींड कागदावर पूर्ण येत नाही, हेही खरं. माझ्या गुरूंनी दिलेलं सगळं मी कानानंच घेतलं.

पण एक पाहा. डोळस वादकालाही गुरुमुखातूनच विद्या मिळते, तरी त्याच्या उशाशी वही असते. ती वही त्याच्या स्मरणशक्तीचा अपमान ठरत नाही. आमच्याच बाबतीत लिखाणाची गरज नाही असं का धरायचं? आमच्या स्मरणशक्तीचं कौतुक लोक मनापासून करतात, मात्र त्याच कौतुकापायी आम्हाला लिहायला शिकवायचं राहून जातं, असं मी अनेक ठिकाणी पाहिलं. मग पोरगा उत्तम वाजवतो पण परीक्षेला बसत नाही, अरेंजर होत नाही, दुसऱ्याला शिकवायची वेळ आली की त्याच्याजवळ द्यायला काही नसतं.

आणि आपल्या परंपरेतच याचे दाखले आहेत. विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघातानं अधू झाली. पुढं त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि स्वतःची स्वरलिपी तयार करून पुस्तकं छापली. ज्यांना स्वतःला वाचणं कठीण होतं त्यांनी संगीत लिहून ठेवण्याचा ध्यास घेतला. आमच्या अमरावती जिल्ह्यातले माधानचे गुलाबराव महाराज, १८८१ ते १९१५ इतकं अल्प आयुष्य, तान्हेपणीच दृष्टी गेली, तरी त्यांनी ग्रंथांमागून ग्रंथ सांगितले आणि इतरांनी ते लिहून घेतले. त्या काळी सांगून लिहवून घेणं हाच मार्ग होता. आज स्वतः लिहिण्याचा मार्ग आहे, तर तो धरावा असं मला वाटतं.

वारकरी_मृदंग

पटलं. पलुस्करांच्या दृष्टीचं ठाऊक होतं, पण या बाजूनं कधी विचार केला नव्हता. पखवाजाचे बोल यात लिहिता येतात का, तेही कुणीतरी सांगा.

नोटपॅडवाला

हिंगणघाटहून. मी डोळस आहे, संगणकाचं काम करतो, हौसेनं बासरी वाजवतो. आणखी एक पर्याय मांडतो: लिलीपाँड. यात पडद्यावर पाच रेघा नसतातच. साध्या मजकुराच्या फाइलीत अक्षरं लिहायची. सी नंतर ४ लिहिलं की क्वार्टरचा सी, त्यापुढं नुसतं डी ई एफ लिहिलं तरी तीच लांबी पुढं चालते. फाइल चालवली की नीटस पीडीएफ आणि सांगितलं तर मिडी, म्हणजे वाजवून ऐकायची फाइल, तयार होते. चूक झाली तर कितव्या ओळीत झाली हे मजकुरातच सांगतं, त्यामुळं स्क्रीन रीडरला काहीच अडत नाही. जुन्या लॅपटॉपवरही जड जात नाही. फाइल काही केबींची असते, मोबाईलच्या इंटरनेटवर पाठवायला सोपी.

अडचण एवढीच की लिहिता लिहिता सूर ऐकू येत नाही, फाइल चालवावी लागते. आणि नियम पाठ व्हायला वेळ लागतो. ज्याला टायपिंगची सवय आहे त्याला हे आवडेल.

म्युझस्कोरच्या बाबतीत एक सूचना. चौथ्या मालिकेला ६४-बिट विंडोज लागतं आणि ती तिसरीपेक्षा जड आहे. चार जीबी रॅमवर आधी ३.६ लावून बघा. चौथी लावलीत तर म्युझसाउंड्सचे मोठे आवाजसंच उतरवू नका, सोबत येणारा साधा संच बँडचे स्वर तपासायला पुरतो.

बाबा, पखवाजाचे बोल लिहायचे तर एका रेघेचा तालवाद्याचा स्टाफ घेऊन खाली गीताचे शब्द टाकतात त्या जागी धा, दिं, ता लिहिता येतात.

आंबिया_बहार

वरुडला संगीत शिकवते. मी डोळस. माझ्या वर्गात अल्पदृष्टी असलेला एक मुलगा आहे, त्यामुळं दुसऱ्या प्रश्नाचा, म्हणजे भातखंडे लिपीचा, मला जवळून अनुभव आहे.

पंडित भातखंडेंची लिपी डोळ्यांसाठी अतिशय सुटसुटीत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला, म्हणजे खालच्या सप्तकाला, खाली बिंदू, तारला, म्हणजे वरच्या सप्तकाला, वर बिंदू, समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, गुणिलेची खूण, 'खाली'ला, म्हणजे तालात टाळी न पडणाऱ्या जागेला, शून्य. सगळा अर्थ अक्षराच्या वर आणि खाली. संगणकावर आम्ही शिक्षक दोन प्रकारे लिहितो. एक, जुने खास फॉन्ट. त्यात पडद्यावर ग दिसतो पण आत भलतंच इंग्रजी अक्षर असतं, स्क्रीन रीडर ते इंग्रजी अक्षरच वाचतो. ते दृष्टिहीनांसाठी पूर्ण निरुपयोगी. दुसरा, युनिकोड. त्यात वेदपठणासाठीची अनुदात्ताची खूण कोमलसाठी आणि उदात्ताची खूण तीव्रसाठी वापरता येते. असं:

नि़ रे ग म॑ ध नि सां

हा यमनचा आरोह. डोळ्यांना बरोबर. पण माझ्या विद्यार्थ्यानं मोबाईलवर ऐकला तेव्हा म वरची उभी रेघ आवाजानं गाळली आणि सुरुवातीचा मंद्र नि साधा नि झाला. सां मात्र नीट कळला, कारण अनुस्वार उच्चारात येतो. म्हणजे यमनचा तीव्र मध्यमच गायब. राग बदलला!

म्हणून आता मी दृष्टिहीन मुलांसाठी खुणा न टाकता शब्दांत लिहिते: मंद्र नि, रे, ग, तीव्र म, ध, नि, तार सा. लांबट होतं, पण चुकत नाही. प्रत्येक विभाग नव्या ओळीवर, ओळीच्या सुरुवातीला सम, टाळी दोन, खाली असं लिहिते. एका मात्रेत दोन स्वर असतील तर ते जोडरेघेनं जोडते, पुढं लांबवलेल्या मात्रेला अवग्रह न देता चक्क लांब असा शब्द.

शलाका

ताई, फारच कामाचं लिहिलंत. यात एक भर. एनव्हीडीएच्या प्रेफरन्सेसमध्ये स्पीच डिक्शनरी असते. तिथं खुणेसकट म॑ टाकून त्याच्यासमोर तीव्र म असं भरता येतं, खालच्या रेघेच्या ग ला कोमल ग, तसंच रे, ध, नि. एकदा हे भरलं की डोळस शिक्षकानं नेहमीच्या युनिकोड लिपीत लिहिलेला कागद तसाच ऐकता येतो. शिक्षकाला वेगळी प्रत करावी लागत नाही. फक्त लिहिणाऱ्यानं खुणा दरवेळी एकाच पद्धतीनं टाकायला हव्यात. आज अनुदात्त, उद्या इंग्रजीतली अधोरेखा असं झालं तर शब्दकोश फसतो.

काळी_पाच

हे सोनं आहे. मी दोन्ही करतो. त्या मुलीच्या फोनसाठी ताईंची शब्दांची पद्धत आणि माझ्या लॅपटॉपवर शब्दकोश.

परीक्षेत तिला लेखनिक मिळेल, पण लेखनिकाला स्वरलिपी येत असेलच असं नाही. तिनं सांगायचं कसं?

आंबिया_बहार

सांगण्याचा क्रम आधीपासून पाठ करून घ्या. आधी तालाचा सांगाडा: किती मात्रा, किती विभाग, मग खुणा कुठं. तो आखून झाला की मात्रेचा आकडा, मग स्वर, मग खूण. "पाचवी मात्रा, ग, खाली आडवी रेघ." तिला डोळस माणसाला खूण कशी दिसते हे माहीत असलंच पाहिजे, नाहीतर ती कोमल ग म्हणेल आणि लेखनिक तसंच अक्षरात लिहील. जाड दोऱ्यानं पुठ्ठ्यावर या खुणा चिकटवून तिच्या बोटांना दाखवा. माझ्या विद्यार्थ्याला याचा फार उपयोग झाला.

शलाका

आता ब्रेलबद्दल, कारण नुसतं ऐकून वाचणं आणि बोटांनी वाचणं यांत फरक आहे आणि त्या मुलीचं वय शिकण्याचं आहे.

लुई ब्रेल स्वतः ऑर्गन वाजवायचा. १८२९ मध्ये त्यानं लिपी छापली ती शब्दांसाठी आणि संगीतासाठी एकत्रच. ब्रेल संगीतात रेघा नसतात. सहा टिंबांतली वरची चार टिंबं स्वर सांगतात आणि खालची दोन त्याची लांबी. एकाच खुणेत स्वर आणि काळ दोन्ही. टिंबं १-४-५ म्हणजे सी, एट्थ. त्यात सहावं टिंब मिळवलं की क्वार्टर, तिसरं मिळवलं की हाफ, दोन्ही मिळवली की होल. सप्तकासाठी स्वराच्या आधी वेगळी खूण. शेजारच्या एक-दोन स्वरांवर उडी असेल तर ती खूण पुन्हा द्यायची गरज नाही, मोठी उडी असेल तर द्यायची.

आपल्या मुलांना अडतं ते इथं: १-४-५ ही खूण भारती ब्रेलमध्ये, म्हणजे आपल्या भाषांच्या ब्रेलमध्ये, द आहे. एफ म्हणजे आपला मध्यम, त्याची खूण भारती ब्रेलमधला ग. पंचमाची खूण ह. मुलगी मराठी ब्रेल वाचत आली असेल तर मध्यमावर बोट टेकताच तोंडातून ग निघतो. म्हणून मी सुचवेन की दोन्ही एकाच महिन्यात शिकवू नका. आधी सारेगम मराठी ब्रेलमध्ये अक्षरांनीच लिहू द्या, परीक्षेची तयारी त्यावर होऊ द्या. ब्रेल संगीत नंतर, एकेका स्वरानं, पेटीवर वाजवत.

म्युझस्कोरच्या चौथ्या मालिकेत ब्रेलचं पॅनेल आहे आणि तिथून ब्रेल फाइल काढता येते, बीआरएफ म्हणतात तिला. ती फाइल कानानं ऐकायला जाऊ नका, निरर्थक अक्षरं ऐकू येतील. ती ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे टिंबं वर-खाली होणाऱ्या यंत्रावर, बोटांनी वाचायची किंवा एम्बॉसरवर, म्हणजे ब्रेलच्या छपाईयंत्रावर, छापायची. माझ्याकडं ऑर्बिट रीडर २० आहे, वीस खान्यांचं यंत्र, एसडी कार्डवर फाइल टाकली की लॅपटॉपशिवाय वाचता येते. लाईट गेली तरी बॅटरीवर चालतं. एम्बॉसर खेड्यात नसतो, जवळच्या अंध विद्यालयात विचारावं. वरोऱ्याला आनंदवनात अंध विद्यालय आहे आणि संगीताची परंपराही आहे.

डिस्प्ले नसेल तर स्लेट-स्टायलसनं हातानं टोचून घ्या. मी तसंच शिकले. हळू होतं, पण टोचताना प्रत्येक स्वर डोक्यात बसतो. व्हायोलिनला दोन्ही हात लागतात, त्यामुळं ब्रेल वाचत वाजवता येत नाही. चार बार वाचायचे, पाठ करायचे, वाजवायचे. पेटीवाल्याचाही एक हात भात्यावर असतो, त्यामुळं त्यालाही फार तर थांबून वाचायची सवय करता येईल.

झाडीचा_ऑर्गन

ताई, एक विचारतो. माझ्याजवळ छापील इंग्रजी नोटेशनची जुनी पुस्तकं आहेत, दुकानात घेतलेली. पोरगा मले वाचून दाखवायले तयार आहे. त्याचं ब्रेल नाहीतर म्युझस्कोर करून घेतलं तर कायद्याची अडचण येते का?

शलाका

दादा, बिनधास्त करा. भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन अपंग व्यक्तींना वापरता येईल अशी प्रत करण्याची मुभा मिळाली. २०१३ चा माराकेश करार जगभरातल्या दृष्टिहीन वाचकांसाठी आहे, भारतानं तो २०१४ मध्ये सगळ्या देशांच्या आधी मंजूर केला आणि २०१६ मध्ये तो लागू झाला. त्या करारात 'कृती'च्या व्याख्येत मजकुराबरोबर नोटेशन असा शब्द स्पष्ट आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी करा, विकू नका.

काळी_पाच

मंडळी, तुम्ही सांगितलेलं करून पाहिलं, काय झालं ते लिहितो.

लॅपटॉपवर म्युझस्कोर ३.६ चालतं. चौथी आवृत्ती उघडते पण एनव्हीडीएचा आवाज अडखळतो, स्वर दाबल्यावर बोलायला वेळ घेतो. ब्रेल फाइल काढायची असेल तेव्हाच ती उघडीन. लिलीपाँडही लावलं. टायपिंगचा मला कंटाळा नाही, पण बँडचे पाच भाग एकमेकांवर वाजवून ऐकल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून म्युझस्कोरच बरं वाटतं.

केरव्यातलं एक वरातीचं गाणं घेतलं, आठ मात्रा, चार-चारचे दोन बार. सा सी धरून मुख्य चाल लिहिली. मग दुसरा ट्रम्पेट, तो पहिल्याच्या खाली तिसऱ्या स्वरावर चालवला, मुखड्याच्या शेवटी पंचमावर थांबवला. मग युफोनियमला नुसते सा आणि प. मध्येच थांबून दुसऱ्या ट्रम्पेटचा एकट्याचा भाग ऐकला तेव्हा कळलं की अंतऱ्यात तो एका जागी मुख्य चालीवर चढून जातो. पेटीवर हे मला कधी ऐकू आलं नसतं, तिथं दोन्ही एकाच हातात असतात. बदलला. मग सगळं काळी पाचला नेलं, प्रत्येकाचा कागद वेगळा काढला.

काकांनी कागद पाहिले. स्वर सगळे बरोबर, पट्टीही बरोबर. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी कागदाच्या मांडणीच्या होत्या. सॅक्सोफोनच्या पानावर शेवटच्या ओळीत एकच बार एकटा पडला होता, आणि पान उलटायचं ते वाजवण्याच्या ऐन मध्यात येत होतं. मांडणी तपासायला मला डोळस माणूस लागणारच, आणि ते मागण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. छपाईचा मजकूर डोळस लेखकही दुसऱ्याकडून तपासून घेतो. पण स्वर कोणता, कुठं, किती वेळ, हे ठरवणं आणि उद्या बदलणं आता माझ्या हातात आहे.

पोरांनी तो कागद वाचून वाजवला. अंतऱ्यात दुसरा ट्रम्पेट खाली राहिला.

आंबिया_बहार

दादा, वाचून फार आनंद झाला. एक मदत हवी. मलाही मराठी शब्द घालून भजनं लिहायची आहेत. विठ्ठल लिहिताना शब्द कसे तोडता? आणि झपतालाचे बार कसे करायचे?

शलाका

स्वर निवडून कंट्रोल एल दाबा, मग पहिला उच्चार लिहा. त्याच शब्दाचा पुढचा उच्चार असेल तर जोडरेघ दाबायची, नवा शब्द असेल तर स्पेस. उच्चार तोडताना जोडाक्षर फोडू नका: वि, ठ्ठ, ल असे तीन. गीताच्या मजकुराला देवनागरी असलेला फॉन्ट द्या, नाहीतर छपाईत काना-मात्रा हलू शकतात. हे एकदा डोळ्यांनी बघून घ्या.

झपताल दोन-तीन-दोन-तीन. पाच मात्रांचे दोन बार करा, म्हणजे दुसऱ्या बारची सुरुवात खालीवर येते. सम आणि खाली एवढे टेकू मिळाले की आमच्यासारख्यांना फिरणं सोपं जातं, कारण एनव्हीडीए बारचा आकडा बोलतं. बारचा आकडा एक, तीन, पाच असा आला की तिथं सम, दोन, चार, सहा असा आला की तिथं खाली. टाळीच्या जागांवर स्टाफ टेक्स्ट टाका, त्यात दोन आणि तीन लिहा. बंदिश समेच्या आधी उठत असेल तर हा हिशोब बिघडू नये म्हणून पहिलं आवर्तन अपुरं न ठेवता पूर्ण, म्हणजे दोन्ही बारांचं, घ्या आणि सुरुवातीच्या मात्रांना विश्रांती द्या.

एखादी बंदिश लिहून मला पाठवा ताई. मी ब्रेल काढून बोटांनी वाचते आणि कुठं अडतं ते इथंच कळवते.